रिपोर्ट नॉर्मल, आषाढ मात्र जड: कोल्हापुरातल्या एका ऋतुनिगडित नैराश्याचा प्रकरण अभ्यास

या प्रकरणातल्या बाईंना आपण वैशालीताई म्हणू. नाव, वय, नोकरीचं ठिकाण आणि घरातले काही तपशील बदलले आहेत. लिहिण्याला त्यांची आणि त्यांच्या यजमानांची संमती आहे. मी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहे. औषधांचे निर्णय आमच्या मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांचे, समुपदेशन आणि पाठपुरावा माझा.

पार्श्वभूमी

वैशालीताई सदतीस वर्षांच्या. माहेर आटपाडीकडचं, सासर कोल्हापुरात मंगळवार पेठेत. एका पतसंस्थेत हिशेब विभागात नोकरी. यजमानांचं उद्यमनगरात लेथ मशीनचं छोटं वर्कशॉप, मुलगा आठवीत, घरात सासूबाई. जुन्या घराचा तळमजला, मागे छोटा चौक. पावसाळ्यात त्या चौकावर निळी ताडपत्री ओढली की स्वयंपाकघरात दुपारीही दिवा लावावा लागायचा.

ऑगस्ट २०२४ च्या तिसऱ्या आठवड्यात त्या पहिल्यांदा आल्या. तक्रार त्यांची नव्हती, यजमानांची होती: "दहा-दहा तास झोपते, तरी उठवत नाही. कामावर खाडे व्हायला लागलेत." वैशालीताई गप्प होत्या. विचारल्यावर म्हणाल्या, "अंगात शिसं ओतल्यासारखं वाटतं. भाजी चिरायला घेतली तरी हात उचलत नाही." भूक मेली नव्हती, उलट वाढली होती. रात्री सगळे झोपल्यावर त्या डब्यातला गूळ खात बसायच्या. जूनपासून पाच किलो वजन वाढलं होतं. पाळीच्या आधीचे चार-पाच दिवस तर कुणी हाक मारली तरी रडू यायचं.

सासूबाईंनी एक वाक्य सांगितलं आणि पुढची सगळी चौकशी त्यावरच उभी राहिली: "पाऊस लागला की हिचं असंच हुतंय बगा. लगीन झाल्यापास्नं. दसऱ्याला परत ठणठणीत." त्यांना ते आळसाचा पुरावा म्हणून सांगायचं होतं. आजाराचं सर्वांत अचूक वर्णन त्या घरात त्यांनीच केलं होतं.

अडचण नेमकी कुठे होती

आमच्याकडे येण्याआधी या घरानं बरंच करून पाहिलं होतं. यजमान वाचणारे, मोबाइलवर शोधणारे. "नैराश्य म्हणजे सेरोटोनिन कमी" असं त्यांच्या वाचनात आलं होतं. (सेरोटोनिन म्हणजे मेंदूतल्या पेशींमध्ये निरोप पोचवणारं एक रसायन.) त्यांनी एका खासगी लॅबमध्ये बायकोच्या रक्तातल्या सेरोटोनिनची तपासणी करून घेतली. रिपोर्ट नॉर्मल आला. मग निष्कर्ष निघाला की आजार नाही, म्हणजे मनावर घेत नाही. तरीही मनात शंका होती, म्हणून त्यांनी ऑनलाइन मागवलेल्या "मूड" वाढवणाऱ्या गोळ्याही सुरू केल्या. बाटलीवर पाहिलं तर घटक ५-एचटीपी, म्हणजे शरीरात ज्याचं सेरोटोनिन बनतं तोच पदार्थ.

या माणसाला मी दोष देत नाही. बायकोसाठी त्यानं पैसे आणि वेळ खर्च केला होता. पण त्या एका कागदानं वैशालीताईंचं मोठं नुकसान केलं. तोवर त्या स्वतःला आजारी समजत होत्या. रिपोर्टनंतर त्या स्वतःला खोटारड्या समजायला लागल्या.

दुसरा "पुरावा" माहेरचा होता. नागपंचमीला त्या आटपाडीला गेल्या, पाच दिवसांत हसायला लागल्या, परतल्यावर आठवड्यात पुन्हा तशाच. "माहेरी बरी आणि सासरी आजारी" म्हटल्यावर लोक काय अर्थ लावतात, हे वेगळं सांगायला नको.

नैराश्याची तीव्रता मोजणाऱ्या प्रश्नावलीत, म्हणजे पीएचक्यू-९ मध्ये (गुण जितके जास्त, तितकं नैराश्य तीव्र), त्यांचे गुण २७ पैकी १९ आले. नवव्या प्रश्नाला, मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दलच्या, "काही दिवस" असं उत्तर होतं. यजमानांना बाहेर बसवून मी थेट विचारलं. "झोपले की सकाळी उठूच नये असं वाटतं, पण काही करून घ्यायचा विचार नाही. मुलगा आहे." बेत नव्हता, आधीचा प्रयत्न नव्हता. तरी त्याच दिवशी रात्री कोणाला हाक मारायची, औषधं कोणाच्या ताब्यात राहतील, आणि १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा चोवीस तास चालणारा मोफत क्रमांक, एवढं कागदावर लिहून दिलं. इथे पर्याय तोलत बसण्यासारखं काही नव्हतं.

निदानापर्यंतचे निर्णय

पहिला प्रश्न: हे ऋतूचं आहे, की पावसाळ्यात येणाऱ्या ताणाचं? फरक महत्त्वाचा आहे. दर वर्षी ठरावीक काळात येणारी बाहेरची अडचण, समजा हंगामी बेकारी, जर नैराश्य आणत असेल तर निदानाचे निकष त्याला ऋतुनिगडित मानत नाहीत. यजमानांचा कौल पुराकडे होता. २०१९ आणि २०२१ च्या पुरात त्यांच्या नात्यातल्या घरांत पाणी शिरलं होतं. जुलै २०२४ अखेरीसही पंचगंगा राजाराम बंधाऱ्याजवळ ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून गेली होती. त्या दिवसांत कोल्हापुरात कुणाची झोप शाबूत होती?

म्हणून आम्ही वर्षं मागे मोजत गेलो. आठवणीवर भरवसा ठेवण्याऐवजी पतसंस्थेतल्या रजेच्या नोंदी, घरातल्या समारंभांचे फोटो आणि सासूबाई असे तीन साक्षीदार घेतले. २०१८ मध्ये पुराची भीती नव्हती, तरी जुलै-ऑगस्टमध्ये रजा होत्या. आषाढात त्र्यंबोली देवीला पाणी घालायला सगळी गल्ली पी-ढबाकच्या तालावर निघते. त्या फोटोंत वैशालीताई लागोपाठ कैक वर्षं नाहीत. २०२३ चं वर्ष मात्र निराळं निघालं. त्या वर्षीचा ऑगस्ट देशभरात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, आणि त्या महिन्यात त्यांची एकही रजा नव्हती. दुष्काळाच्या चिंतेनं बाकीचे हवालदिल असताना त्यांना बरं वाटत होतं. एका वर्षावरून सिद्ध काहीच होत नाही, पण नोंद घेण्याजोगं नक्कीच होतं.

कामाच्या ताणाचा मुद्दा मार्चनं निकालात काढला. पतसंस्थेत मार्चअखेर म्हणजे रात्री नऊपर्यंत बसणं. तोच त्यांचा वर्षातला सर्वांत उमेदीचा काळ होता.

यातूनच दुसरा प्रश्न उभा राहिला, आणि माझ्या मते या प्रकरणातला तो सर्वांत नाजूक वळणाचा होता. "उन्हाळ्यात ती चार माणसांचं काम करती," असं सासूबाई म्हणाल्या होत्या. सांडगे, पापड, घराची रंगरंगोटी, सगळं एकहाती. ही फक्त उमेद, की सौम्य उन्माद? पावसाळ्यात नैराश्य आणि उन्हाळ्यात उन्माद असा बायपोलर आजार असेल, तर नुसतं नैराश्यावरचं औषध किंवा प्रखर प्रकाश माणसाला दुसऱ्या टोकाला ढकलू शकतो. चुलत्यांना तरुणपणी "झटका आला होता" अशी मोघम माहितीही मिळाली. आम्ही झोपेचे तास, खर्च, बोलण्याचा वेग, चिडचिड, धाडसी निर्णय हे सगळं खोदून विचारलं. उन्हाळ्यात त्या साडेसहा तास झोपत, उधळपट्टी नव्हती, आणि "ती ती राहिलीच नव्हती" असं वाटणारा एकही काळ घरच्यांना आठवेना. बायपोलर नाही, असं डॉक्टरांनी तूर्त धरलं. "तूर्त" हा शब्द फाइलवर लिहिलेला आहे.

तपासण्यांत थायरॉइड ठीक, हिमोग्लोबिन १०.१, ड जीवनसत्त्व कमी, बी-१२ काठावर. रक्तक्षयामुळेही थकवा येतोच. शिवाय ट्रिप्टोफॅन या अन्नातून मिळणाऱ्या अमिनो आम्लापासून सेरोटोनिन बनवणाऱ्या विकराला लोह लागतं. तेव्हा लोहाच्या गोळ्या पहिल्या दिवसापासून. पण एवढ्यानं दर वर्षी जूनमध्ये सुरू होऊन दसऱ्याला संपणारा आजार समजावता येत नव्हता.

सेरोटोनिनबद्दल घरच्यांना काय सांगितलं

या भेटीला मी मुद्दाम जास्त वेळ ठेवला होता. नॉर्मल रिपोर्टचा काटा काढल्याशिवाय पुढचं काहीच टिकलं नसतं.

शरीरातलं नव्वद टक्क्यांहून जास्त सेरोटोनिन आतड्यात बनतं. तिथून ते रक्तात येतं आणि प्लेटलेट पेशींत साठतं. रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर ते ओलांडू शकत नाही. मेंदू आपल्यापुरतं सेरोटोनिन स्वतः, मेंदूच्या देठातल्या राफे केंद्रकांमधून तयार करतो. यजमानांना म्हटलं, "पंचगंगेला पाणी किती आहे यावरून तुमच्या घरच्या टाकीत किती आहे हे कळेल का?" ते लगेच समजले. ही तपासणी काही विशिष्ट गाठींच्या शोधासाठी वापरतात. नैराश्य आहे की नाही हे ती सांगत नाही. रिपोर्ट नॉर्मल असणं आणि बाई आजारी असणं, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

मग मेंदूतलं सेरोटोनिन मोजायचं कसं? संशोधकांनी आडवाटा काढल्या. कुणी मज्जापेशींवरच्या सेरोटोनिन टिपणाऱ्या ग्राहकांना (रिसेप्टरना) चेतवणारं औषध देऊन कॉर्टिसॉल, प्रोलॅक्टिन यांसारखी संप्रेरकं कशी बदलतात ते पाहिलं. कुणी ट्रिप्टोफॅन जवळजवळ नसलेलं पेय देऊन पाहिलं: प्रकाशोपचारानं, म्हणजे रोज प्रखर दिव्यासमोर बसून, बरे झालेल्या रुग्णांपैकी अनेकांची लक्षणं त्यानंतर लगेच परतली. मेलबर्नमधल्या २००२ च्या एका अभ्यासात १०१ निरोगी पुरुषांच्या मानेतल्या शिरेतून, म्हणजे मेंदूतून नुकतंच बाहेर पडलेलं रक्त तपासलं. मेंदूतली सेरोटोनिनची उलाढाल हिवाळ्यात सर्वांत कमी होती आणि त्या त्या दिवसाच्या लख्ख उन्हाबरोबर वाढत होती. पण ते सगळे पुरुष होते आणि निरोगी होते. दवाखान्यात या आजारासाठी येतात त्यांत बायकाच पुरुषांच्या तीन-चार पट असतात.

वैशालीताईंसारख्यांच्या जवळ जाणारं काम कोपनहेगनचं, २०१६ मधलं. तिथे ऋतुनिगडित नैराश्य असलेल्या आणि नसलेल्या माणसांच्या मेंदूचं पेट स्कॅन उन्हाळ्यात एकदा आणि हिवाळ्यात एकदा केलं. पाहिलं ते सेरोटोनिन ट्रान्सपोर्टर. हे प्रथिन दोन मज्जापेशींच्या फटीत सोडलेलं सेरोटोनिन परत आत ओढून घेतं. ज्यांना हिवाळ्यात नैराश्य यायचं त्यांच्यात हे ट्रान्सपोर्टर हिवाळ्यात वाढलेले आढळले आणि वाढ जितकी जास्त तितकी लक्षणं तीव्र. निरोगी राहणाऱ्यांत अशी वाढ दिसली नाही. म्हणजे प्रश्न साठ्याचा कमी आणि ऋतू बदलल्यावर जुळवून घेण्याचा जास्त, असं दिसतं. स्त्रियांमध्ये इस्ट्रोजेनही या यंत्रणेत हात घालतं: सेरोटोनिन बनवणाऱ्या विकरावर आणि ट्रान्सपोर्टरवर त्याचा परिणाम होतो हे प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. पाळीआधीचे ते चार-पाच दिवस का बुडवत होते, याची एक शक्यता तिथे आहे.

गुळाचंही सांगितलं, कारण त्याची त्यांना फार लाज वाटत होती. गोड किंवा पिठूळ खाल्लं की इन्सुलिन वाढतं, रक्तातली इतर अमिनो आम्लं स्नायूंत शिरतात आणि ट्रिप्टोफॅनला मेंदूत जायला वाट मोकळी होते. काही संशोधक या ओढीकडे मेंदूनं स्वतःवर केलेला उपचार म्हणून पाहतात. वैशालीताई पहिल्यांदा त्या वेळी मान वर करून बोलल्या: "म्हणजे मी हावरट नाही."

दोन गोष्टी लपवल्या नाहीत. एक, "सेरोटोनिन कमी म्हणून नैराश्य" हे सरळ समीकरण पुराव्यावर उभं राहत नाही, असं २०२२ मध्ये जुन्या अभ्यासांच्या मोठ्या आढाव्यानं मांडलं आहे. त्यावर वाद आहेत, पण समीकरण इतकं सोपं नाही हे बहुतेकांना मान्य आहे. दोन, वरचं जवळपास सगळं काम उत्तरेकडच्या हिवाळ्यातलं. कोपनहेगनला डिसेंबरात दिवस जेमतेम सात तासांचा असतो. कोल्हापुरात सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसात दोन तासांचाच फरक, आणि सर्वांत मोठा दिवस तर जूनमध्येच येतो. आपल्याकडे सूर्य उशिरा उगवत नाही, ढगांआड जातो. तिकडचे निष्कर्ष आषाढाला जसेच्या तसे लावता येत नाहीत. पण डोळ्यांत शिरणारा प्रकाश घटतो, एवढं दोन्हीकडे समान आहे.

माहेरच्या पाच दिवसांबद्दलही याच भेटीत बोललो. आटपाडी पर्जन्यछायेत. तिथे श्रावणातही ऊन असतं, आणि वैशालीताई दिवसभर अंगणात असायच्या. अर्थात तिथे आई होती, आयतं जेवण होतं, कामाचा धबडगा नव्हता. किती श्रेय उन्हाचं आणि किती आईचं, हे वेगळं करता येत नाही. पण "नाटक" हा एकमेव अर्थ नव्हता, हे घरानं मान्य केलं.

समोरचे पर्याय

थांबून राहणं हा एक पर्याय होता. दसरा १२ ऑक्टोबरला होता, तोवर आपोआप उतार पडला असता. पण १९ गुण आणि मरणाचे विचार घेऊन सात आठवडे काढायला सांगणं आम्हाला मान्य नव्हतं.

प्रकाशोपचाराला चांगला आधार आहे. १९८४ मध्ये नॉर्मन रोझेन्थल आणि सहकाऱ्यांनी या आजाराचं पहिलं सविस्तर वर्णन केलं, तेव्हाच प्रखर प्रकाशाचा उपयोगही नोंदवला होता. २००६ मधल्या कॅनडातल्या अभ्यासात रोज सकाळी अर्धा तास १०,००० लक्सचा (लक्स हे उजेड मोजण्याचं एकक) प्रकाश आणि फ्लुओक्झेटिन हे नैराश्यावरचं औषध २० मिलिग्रॅम यांची आठ आठवडे तुलना झाली आणि दोन्ही सारखेच उपयोगी ठरले. अडचण व्यवहाराची होती. तपासलेला दिवा मागवून हातात पडेपर्यंत हंगाम निघून गेला असता.

औषध लगेच मिळत होतं. सेरोटोनिनचं पुनर्शोषण रोखणारी औषधं, म्हणजे त्याच ट्रान्सपोर्टरला अडवणारी. पण ५-एचटीपीच्या गोळ्या चालू असताना ती देणं धोक्याचं. सेरोटोनिन प्रमाणाबाहेर वाढलं तर थरथर, ताप, घाम, धडधड, भ्रम असा गंभीर प्रकार उद्भवू शकतो. शिवाय उन्मादाची ती "तूर्त" शंका होतीच. आणि चौथा पर्याय, विचार-वर्तन उपचार, म्हणजे बोलण्यातून विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलणारा उपचार, जो नैराश्यावर हळूहळू पण टिकाऊ काम करतो. अमेरिकेतल्या एका अभ्यासात दोन हिवाळ्यांनंतर प्रकाशोपचार घेतलेल्यांपेक्षा हा उपचार घेतलेल्यांमध्ये आजार कमी परतला होता. मात्र पहिल्या भेटीत वैशालीताईंना दहा मिनिटं सलग बोलणंही जड जात होतं.

काय केलं: २०२४

ऑनलाइनच्या गोळ्या त्याच दिवशी बंद केल्या. मध्ये एक आठवडा जाऊ दिला. मग वर सांगितलेल्या औषधांपैकी सर्ट्रालिन २५ मिलिग्रॅमनं सुरुवात आणि आठवड्यानं ५०. पहिले काही दिवस मळमळ होईल, फरक जाणवायला तीन-चार आठवडे लागतील, हे आधीच सांगितलं. यजमानांना वेगळा कागद दिला: झोप एकदम कमी होऊनही थकवा नसेल, बोलणं सुसाट झालं असेल, खर्च वाढला असेल तर पुढच्या तारखेची वाट न पाहता फोन करायचा.

प्रकाशासाठी घरच्या घरी जे होईल ते केलं. मोबाइलवरच्या मापकानं, अंदाजापुरतं, ऑफिसातल्या टेबलावर दीडशे लक्सच्या आसपास भरले, स्वयंपाकघरात त्याहून कमी. त्याच सकाळी रंकाळ्यावर भरून आलेल्या आभाळाखाली आकडा हजारांत होता. हे पाहिल्यावर छत्री घेऊन सकाळी अर्धा तास रंकाळ्याला फेरी, हा सल्ला राहिला नाही, त्यांनी स्वतःच ठरवलं. सुरुवातीला सासूबाई सोबत जायच्या, कारण एकटीला घरातून निघणं होत नव्हतं. चौकातली निळी ताडपत्री काढून यजमानांनी पारदर्शक पत्रे बसवले. या सगळ्यात सर्वांत स्वस्त आणि सर्वांना दिसणारा बदल तोच होता.

ऑफिसात जागा बदलून मागायची होती. निदान सांगायचं नव्हतं आणि खोटं कारणही द्यायचं नव्हतं. डॉक्टरांनी पत्र दिलं: "वैद्यकीय कारणास्तव खिडकीजवळची जागा मिळावी." मिळाली.

गणपतीच्या सुमारास गुण १२ वर आले, दसऱ्याला ६. सगळे खूश होते. मला आनंद होता, पण श्रेय कुणाचं हे सांगता येत नव्हतं. दसऱ्याला त्या दर वर्षीच बऱ्या व्हायच्या. सप्टेंबरात, पाऊस चालू असताना पडलेला उतार मात्र पूर्वी कधी दिसला नव्हता, असं रजेच्या नोंदी सांगत होत्या.

काय केलं: २०२५

हिवाळ्यात मोठा निर्णय औषधाचा. वर्षभर चालू ठेवायचं, की थांबवून पुढच्या पावसाळ्याआधी पुन्हा सुरू करायचं? वैशालीताईंना थांबवायचं होतं. उजेडाच्या महिन्यांत त्यांना आजार नसतो, ही त्यांची बाजू बळकट होती. फेब्रुवारीपासून हळूहळू कमी करत मार्चअखेर बंद केलं. त्याच काळात विचार-वर्तन उपचाराची सत्रं झाली. "पाऊस पडला की माझ्याकडून काही होत नाही" या एका वाक्यावर बरंच काम केलं. ते वाक्य खरं वाटतं कारण दर वर्षी खरं ठरतं, आणि म्हणून त्या जूनमध्येच सगळं सोडून द्यायच्या: भिशी, शेजारणींकडे जाणं, हार्मोनियमचा वर्ग. त्या वर्षी वर्गाची फी मे महिन्यातच भरून टाकली.

एप्रिलमध्ये योजना ठरली. दिवा आणायचा, जूनच्या पहिल्या आठवड्यापासून सुरू करायचा, आणि सलग दोन आठवडे गुण १० किंवा त्यावर गेले तरच औषध. यजमानांना दिवा स्वतः बनवायचा होता. हाताशी वर्कशॉप, एलईडी पट्ट्या बाजारात, हौस दांडगी. यावर आम्ही ठाम राहिलो. डोळ्यांपाशी नेमके किती लक्स पडतात, अतिनील किरण गाळले जातात का, चकाकी किती, हे घरी मोजता येत नाही. दिवा तपासलेलाच घ्यायचा, त्याचा स्टँड त्यांनी बनवला. नेत्रतज्ज्ञांकडून पडद्याची तपासणीही करून घेतली.

मग पावसानंच घात केला. मोसमी पाऊस जूनची वाट न बघता मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातच महाराष्ट्रात शिरला आणि आभाळ भरलं. दिवा अजून मागवायचा होता, तो जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पोचला. त्या मधल्या दिवसांत झोप नऊ तासांवर गेली होती आणि गुळाचा डबा पुन्हा रात्री उघडू लागला होता.

दिवा सुरू केल्यावर निराळंच घडलं. दहाएक दिवसांत त्यांना अस्वस्थ वाटू लागलं, झोप पाच तासांवर आली, मुलावर खेकसणं वाढलं. यजमानांनी तो जुना कागद काढून पाहिला आणि फोन केला. डॉक्टरांनी वेळ अर्ध्या तासावरून पंधरा मिनिटांवर आणली. आठवड्यात झोप सात तासांवर स्थिरावली. बंद करण्याचाही पर्याय होता. पण खर्च, बडबड, मोठेपणाचे विचार यांतलं काही नव्हतं आणि घरचे डोळ्यांत तेल घालून बसले होते, म्हणून कमी करून पाहिलं.

जुलैत सलग दोन आठवडे गुण ११ आले. ठरल्याप्रमाणे सर्ट्रालिन पुन्हा सुरू. वैशालीताईंना ते अपयश वाटलं आणि त्या भेटीचा बराचसा वेळ त्यातच गेला. गणपती येईपर्यंत गुण ७.

काय झालं

२०२५ च्या पावसाळ्यात आजारामुळे त्यांनी एकही रजा घेतली नाही. मरणाचे विचार परतले नाहीत. हिमोग्लोबिन बाराच्या वर आहे. झोप अजूनही पावसात तासाभरानं वाढते, गोडाची ओढ आहे, वजन दोन किलोनं वाढलंच. हार्मोनियमचा वर्ग जुलैत तीन आठवडे बुडाला आणि मग पुन्हा सुरू झाला. त्र्यंबोलीच्या यात्रेला त्या गेल्या, अर्ध्या वाटेतून परतल्या, पण गेल्या. सासूबाई आता "आळस" म्हणत नाहीत. शेजारणीला सांगताना त्यांचा शब्द असतो "तिचं पावसाळी दुखणं".

पुन्हा असं प्रकरण आलं तर

सुरुवात कॅलेंडरला बांधण्यापेक्षा आभाळाला बांधावी. "जूनचा पहिला आठवडा" ऐवजी "सलग तीन दिवस ऊन नाही" अशी खूण ठरवली असती, आणि दिवा मार्चमध्येच घरात आणून ठेवला असता, तर मे-जूनमधले ते आठवडे वाचले असते. पंधरा मिनिटांपासून सुरू करून वेळ वाढवत नेणं, विशेषतः कुटुंबात अशी मोघम नोंद असताना, जास्त सुरक्षित.

औषध आधीच सुरू करावं का, यावर आमच्यात एकमत नाही. डॉक्टरांचा कल लक्षणांआधी सुरू करण्याकडे आहे. लक्षणं येण्याआधी औषध देऊन हंगाम टाळता येतो याला आधार आहे, २००६ मध्ये अमेरिकेत ब्युप्रोपिऑन या नैराश्यावरच्या औषधाला याच कारणासाठी मान्यता मिळाली. मला वाटतं, जुलैपर्यंतचे ते दिवस औषधाशिवाय निभावल्यामुळे वैशालीताईंना स्वतःबद्दल काहीतरी कळलं, जे गोळीसोबत कळलं नसतं. पण ११ गुणांचे ते दोन आठवडे त्यांनी सोसले, मी नाही, आणि म्हणून या मुद्द्यावर त्यांचं मत माझ्या मतापेक्षा वजनदार.

पाळीची नोंद पहिल्या महिन्यापासून ठेवायला हवी. आम्ही ती २०२५ मध्ये सुरू केली. सर्वांत वाईट दिवस पाळीआधीच येतात हे त्यात स्पष्ट दिसतं. ते २०२४ मध्येच हाताशी असतं, तर त्या दिवसांसाठी वेगळी आखणी करता आली असती.

आणि घरातल्या माणसांना रक्ताच्या रिपोर्टबद्दल पहिल्याच भेटीत विचारावं. कोणती तपासणी झाली, कोणत्या गोळ्या मागवल्या, याची यादी मागितल्याशिवाय लोक ती सांगत नाहीत. वैशालीताईंच्या पर्समध्ये ती बाटली होती, म्हणून कळलं.

पुढची भेट एप्रिलमध्ये आहे. त्या वेळी दोन्ही वर्षांची झोपेची आणि पाळीची नोंद समोर ठेवून औषध आधी की नंतर, हे वैशालीताई ठरवतील. उन्हाळ्यातल्या उमेदीवर लक्ष ठेवायचं काम सासूबाईंकडे दिलं आहे, आणि फाइलवरचा तो "तूर्त" अजून खोडलेला नाही.